विद्यापीठ निवडताना नेमकं काय बघायचं? (नऊच दिवस उरलेत)

गारगोटी

नमस्कार मंडळी. लेकीला भूशास्त्रात पदवी करायची आहे. दोन विद्यापीठांत प्रवेश मिळालाय. नऊ दिवसांत एकीकडे फी भरून दुसरीकडची जागा सोडायची आहे.

पहिल्याला 'थोरलं' म्हणू. नाव काढलं की समोरचा "वा!" म्हणतो. क्रमवारीत बरंच वर आहे. पण तिथे भूशास्त्राला स्वतःचा विभाग नाही, भूगोल आणि पर्यावरणाबरोबर एकाच छपराखाली बसवलंय. दुसरं 'धाकटं'. नाव सांगितलं की "हे कुठे आलं?" असा प्रश्न येतो. पण भूशास्त्राचा स्वतंत्र विभाग, माहितीपत्रकात क्षेत्रभेटींचे भरपूर फोटो आणि निम्मी फी माफ.

लेक धाकट्याकडे झुकलीय. नवरा थोरल्याचा, "नाव जन्मभर पुरतं" हे त्याचं पालुपद. मी सकाळी एकीकडे असते आणि रात्री दुसरीकडे.

"मुलीला ठरवू द्या" एवढं सोडून काहीही सांगा. ठरवणार तीच आहे, पण काय बघून ठरवायचं हे तिलाही माहीत नाही आणि मलाही.

झुळूक

थोरलं. डोळे मिटून.

मी नोकरीचे अर्ज चाळते. समोर ढीग असतो, एकेका अर्जाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. ओळखीचं नाव दिसलं की तो कागद बाजूला निघतो. अन्याय आहे, मान्य. पण आहे हे असं आहे.

उंटावरचा

रुमाल टाकून ठेवतोय. माझंही कार्टं पुढच्या वर्षी.

तर्कट

"क्रमवारीत वर" म्हणजे कुठल्या क्रमवारीत, हे आधी बघा.

जगभरातल्या विद्यापीठांची शांघायची क्रमवारी २००३ साली निघाली. तिच्यात १० टक्के गुण माजी विद्यार्थ्यांच्या आणि २० टक्के अध्यापकांच्या नोबेल व फील्ड्स (गणितातला मोठा सन्मान) पदकांना आहेत. म्हणजे कुणाला तरी कधीतरी पदक मिळालं, त्याचे गुण तुमच्या लेकीच्या प्रवेशाच्या वर्षीही मोजले जाणार. क्यूएस या दुसऱ्या जागतिक क्रमवारीत बरीच वर्षं ४० टक्के गुण जगभरातल्या प्राध्यापकांना "तुम्हाला कोणती विद्यापीठं चांगली वाटतात?" असं विचारून ठरत. २०२४च्या आवृत्तीपासून ते ३० झाले आणि नोकरी देणाऱ्यांच्या मताचे १० वरून १५. दोन्ही मिळून ४५ टक्के निव्वळ ऐकीव मत. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला तिथे १० टक्के. पहिल्या वर्षाच्या मुलीच्या हातात खडक देऊन "सांग हा कुठला?" असं विचारणारा माणूस कसा आहे, याला शून्य.

आणि हे आकडे बऱ्याचदा विद्यापीठं स्वतःच पुरवतात. २०२२ साली कोलंबिया विद्यापीठातल्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यापीठाने दिलेले आकडे तपासले. विसापेक्षा कमी मुलं असलेले वर्ग ८२.५ टक्के, असा विद्यापीठाचा दावा होता. याच्या हिशोबात ते ६३ ते ६७च्या दरम्यान निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका नामांकित यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. वर्गखोल्या त्याच होत्या, शिकवणारेही तेच.

उंटावरचा

घरच्या क्रमवारीची पद्धत सोपी असते. शेजारच्यांचा मुलगा जिथे गेला ते पहिलं. जिथे आपल्याला प्रवेश मिळाला नाही ते "हल्ली पूर्वीसारखं राहिलं नाही".

काजवा

सध्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून लिहितो. काकू, राहायची सोय विद्यापीठाच्या आवारात आहे का बघा. मला एका बाजूने दीड तास लागतो. संध्याकाळी मित्र प्रयोगशाळेत थांबतात, मी शेवटच्या गाडीची वेळ बघत असतो. माझं अर्धं शिक्षण खिडकीबाहेर बघण्यात चाललंय.

शून्यमोजणी

झुळूकताईंच्या मुद्द्यावर. नावाजलेल्या ठिकाणची मुलं जास्त कमावतात हे खरं, पण ती मुळातच हुशार आणि धडपडी असतात. मग श्रेय नावाला द्यायचं की मुलांना?

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ साली यावर एक छान युक्ती काढली. १९७६ साली अमेरिकेत कॉलेजात शिरलेली मुलं घेतली आणि साधारण सारख्याच ठिकाणी अर्ज केलेल्या, सारख्याच ठिकाणी प्रवेश मिळालेल्या मुलांची एकमेकांशी तुलना केली. म्हणजे थोरल्यात जागा मिळूनही धाकट्यात गेलेले विरुद्ध थोरल्यात गेलेले. पुढच्या कमाईत फारसा फरकच निघाला नाही. अपवाद गरीब घरातल्या मुलांचा. त्यांना नावाचा फायदा झाला. ज्यांच्या घरात ओळखीपाळखी नाहीत त्यांना त्या तिथे मिळतात, असा माझा त्यावरचा अंदाज.

गारगोटीताईंची लेक दोन्हीकडे निवडली गेलीय, म्हणजे ती नेमकी याच तुलनेतली मुलगी आहे.

झुळूक

@शून्यमोजणी, अर्धीच गोष्ट सांगताय. २०२३ साली राज चेट्टी हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बारा अतिनामांकित ठिकाणांबद्दल असंच काम केलं. सरासरी कमाईत फार फरक नाही, हे त्यांनाही दिसलं. पण कमाईत अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची आणि नावाजलेल्या संस्थांत नोकरी लागण्याची शक्यता बरीच वाढते, हेही दिसलं. सरासरी बघून सगळं कळत नाही.

तर्कट

त्या वरच्या एक टक्क्यात हातोडी घेऊन डोंगर चढणारे किती असतील? (हलके घ्या.)

मुक्कामपोस्ट

कुणी फीमाफीबद्दल बोललंच नाही, म्हणून लिहितो.

मलाही अशीच निम्मी माफी होती. पत्रात पहिल्या पानावर ठळक अक्षरात अभिनंदन, तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात अट. दर वर्षी अमुक श्रेणी राखली तरच माफी चालू. पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी एका विषयात थोडक्यासाठी श्रेणी हुकली आणि माफी गेली, ती परत न मिळण्यासाठी. वडिलांनी हिशोब चार वर्षांचा मांडला होता. उरलेली दोन वर्षं मी संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, अभ्यास रात्री.

दोन गोष्टी विचारा आणि लेखी घ्या. माफी फक्त शिकवण्याच्या फीला आहे की वसतिगृह, प्रयोगशाळा, परीक्षा या फियांनाही? आणि पहिल्या वर्षी माफी मिळालेल्यांपैकी शेवटच्या वर्षापर्यंत किती जणांची टिकते? दुसऱ्या प्रश्नाला खिडकीपलीकडचा माणूस "बघून सांगतो" म्हणाला तर काय समजायचं ते समजा.

सई_म

भूशास्त्र म्हणालात म्हणून डार्विन आठवला.

१८२५ साली त्याला वैद्यकी शिकायला एडिंबराला पाठवलं होतं. नाव मोठं, वडीलही तिथलेच. तिथे त्याने जेमसन या प्राध्यापकांची भूशास्त्राची व्याख्यानं ऐकली. ती त्याला इतकी कंटाळवाणी वाटली, की जन्मात या विषयाचं पुस्तक उघडायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं. हे त्यानेच आत्मवृत्तात लिहून ठेवलंय. पुढे तो केंब्रिजला गेला, तोही धर्मोपदेशक होण्यासाठी. तिथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो भेटले. त्यांनी १८३१च्या उन्हाळ्यात त्याला सेजविक या भूशास्त्रज्ञांबरोबर वेल्सच्या डोंगरांत धाडलं. काही आठवडे खडक बघत फिरून घरी आला, तर बीगल जहाजावरून सफरीला येण्याचं बोलावणं येऊन पडलेलं. आणि बीगलच्या सफरीत हा माणूस सगळ्यात जास्त रमला कशात, तर भूशास्त्रात!

विषय तोच, मुलगा तोच. शिकवणारा बदलला. मला वाटतं तुम्ही विद्यापीठ नका निवडू, माणसं निवडा.

तर्कट

सईताई, गोष्ट छान, पण एडिंबराही फुकट गेलं नाही. समुद्रकाठचे जीव गोळा करून भिंगाखाली बघायची सवय त्याला तिथेच रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञांमुळे लागली. पक्ष्यांत पेंढा भरायला शिकला तोही तिथेच, जॉन एडमनस्टोन या गुलामीतून सुटलेल्या माणसाकडून. यातलं काहीच त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तेव्हा माणसं निवडा म्हणणं ठीक, पण कामाचा माणूस माहितीपत्रकात सापडेलच असं नाही.

उंटावरचा

आइनस्टाइन झुरिकला तासांना बसायचा नाही, मित्राच्या, ग्रॉसमनच्या वह्या वाचून परीक्षा द्यायचा. पेटंट ऑफिसातली नोकरीसुद्धा ग्रॉसमनच्या वडिलांच्या शब्दावर लागली. माझा निकष ठरला. जिथे नीटनेटक्या वह्या काढणारी मुलं जास्त, ते विद्यापीठ.

सई_म

हसण्यावारी नेताय, पण सोबतची मुलं कशी आहेत हा खरंच निकष आहे!

पानगळ

जरा वेगळं विचारते. माझ्या मुलाला प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचाय. आवडीचं पहिलं टाकलं आणि मिळालं नाही तर दुसरंही हातचं जाईल, म्हणून हमखास मिळणारं वर टाक असं सगळे सांगतायत. काय करावं?

शून्यमोजणी

पद्धत कुठली आहे त्यावर अवलंबून. काही पद्धतींत ही भीती खरी असते. बोस्टनच्या शाळाप्रवेशात पूर्वी पहिल्या पसंतीवाल्यांना आधी जागा कायमच्या दिल्या जात. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर टाकलेली शाळा तोवर भरून गेलेली असायची. पालक मग खोटा क्रम लिहीत. २००५ साली त्यांनी ती पद्धत टाकली.

त्याऐवजी जी आणली ती गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली मांडलेली. तिच्यात जागा शेवटपर्यंत तात्पुरतीच असते. तुम्ही पहिल्या पसंतीत नाकारले गेलात आणि दुसरीकडे पोचलात, तर तिथे आधीपासून बसलेल्यांशी तुमची गुणांवर तुलना होते. गुण जास्त असतील तर त्याला उठवून तुम्हाला बसवतात. त्यामुळे मनातला खरा क्रम लिहिण्यात काहीच तोटा नाही. शॅप्लींना २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा नियमांत एवढंच शोधा, की दुसऱ्या पसंतीवर जागा देताना तुमचे गुण बघतात की तुम्ही ती कितवी लिहिलीत ते. फक्त गुण बघत असतील आणि यादीच्या लांबीला मर्यादा नसेल, तर बिनधास्त खरं लिहा.

पानगळ

यादीत पाचच जागा आहेत.

शून्यमोजणी

मग चार मनाच्या आणि पाचवी हमखास मिळणारी. क्रम मात्र खराच ठेवा.

उंटावरचा

धागा पळवला! गारगोटीताई, ओरडा जरा.

गारगोटी

ओरडत नाही, वाचतेय. सहा दिवस उरले. नवऱ्याने शून्यमोजणींचा प्रतिसाद वाचला आणि "सरासरी आपल्याला लागू होत नाही" म्हणाला. कुठल्या आधारावर, ते नाही सांगितलं.

खडूस_मास्तर

तीस वर्षं शिकवलं, त्यातली काही प्रवेश समितीत काढली. भूशास्त्र माझा विषय, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

दोन्हीकडे जाऊन या. पण "विद्यापीठ पाहायला या" असा दिवस ते स्वतः ठेवतात, त्या दिवशी नको. साध्या वारी, दुपारी दोन-अडीचला. मी जिथे होतो तिथे तपासणीच्या दिवशी शेजारच्या विभागातून सूक्ष्मदर्शक उसने आणून टेबलावर मांडत. पाहुणे गेले की संध्याकाळी शिपाई हातगाडीवरून परत पोचवी. एकावर जीवशास्त्राची चिठ्ठी तशीच राहिली होती आणि ती मीच घाईघाईने हाताने झाकली. लाज वाटते, पण खरं आहे.

तिथे काय बघायचं, तर खडकाचे पातळ काप. खडकाचा तुकडा काचेवर चिकटवून तो ०.०३ मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत घासतात. मग त्यातून प्रकाश आरपार जातो आणि ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली (यात एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश वापरतात) प्रत्येक खनिज आपापल्या रंगात दिसतं. जाडी बरोबर साधली की क्वार्ट्झ, म्हणजे तुमच्या नावातली गारगोटी, राखाडी-पांढरी दिसते. काप जाड राहिला तर ती पिवळी दिसते.

विकत आणलेले काप सगळीकडे असतात, पेटीत ओळीने लावलेले, सुबक. तुम्ही विचारा, "मुलांनी स्वतः घासलेले दाखवा." ते दाखवता आले, तर तिथे मुलांच्या हाताला काम मिळतं. आणि सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा. विभागप्रमुखांकडे असेल आणि ते बैठकीला गेले असतील, तर विषय संपला.

सूचनाफलकही वाचा. फाटक्या कागदाखाली तीन वर्षांपूर्वीची सूचना दिसली तर तिथे फलक कुणी वाचत नाही. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं आणि ते कायमचे आहेत की वर्षभराच्या करारावर, हे शिक्षकांना नाही तर मुलांना विचारा. मुलं खरं सांगतात.

वाचनमात्र

नावाप्रमाणे वाचतच असतो, आज लिहितो.

मी सतराव्या वर्षी ठामपणे भौतिकशास्त्र म्हणून शिरलो आणि भाषाशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलो. जमलं, कारण दोन्ही विभाग एकाच आवारात होते आणि वर्षाअखेरीला शाखा बदलता येत होती. माझी बहीण एकाच विषयासाठी ओळखल्या जाणाऱ्या छोट्या संस्थेत गेली. विषयावरून मन उडालं तेव्हा तिच्यापुढे दोनच पर्याय होते, दात ओठ खाऊन पुरं करणं किंवा सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिने पुरं केलं. आजही त्यावर बोलत नाही.

म्हणून ताई, लेकीला भूशास्त्राबद्दल नका विचारू. "भूशास्त्र नसतं तर काय घेतलं असतंस?" हे विचारा आणि तो विषय दोन्हीकडे कसा आहे ते बघा.

झुळूक

+१. हे मला सुचायला हवं होतं.

खडूस_मास्तर

खरं बोललात. मी फक्त माझ्याच विषयाचं बघत होतो. मास्तरांची खोड.

मुक्कामपोस्ट

बदलाचे नियमही लेखी घ्या हो. "होतं सगळं" असं तोंडी सांगतात, नंतर "गुणांवर, जागा असतील तर" निघतं.

उंटावरचा

मुक्कामपोस्ट, तुमच्या घरी लग्नपत्रिकेवरही दोघांच्या सह्या घेतल्या असतील.

मुक्कामपोस्ट

तीन प्रती काढल्या होत्या.

गारगोटी

दोन्हीकडे जाऊन आलो. साध्या वारी, दुपारी. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आधी धाकटं. इमारत सुंदर. एका तरुण सरांनी लेकीला तासभर दिला. फळ्यावर आकृती काढून डोंगर कसे दुमडतात ते समजावलं, ती भारावून गेली. बाहेर पडल्यावर जिन्यात दोन मुली भेटल्या. त्यांनी सांगितलं की ते सर करारावर आहेत आणि वर्षाअखेरीला जाणार. क्षेत्रभेटीचं विचारलं तर एकमेकींकडे बघून हसल्या. माहितीपत्रकातला बसजवळचा फोटो त्यांच्या आधीच्या कुठल्यातरी तुकडीचा. यांची गेल्या वर्षी एक दिवसाची सहल झाली. सूक्ष्मदर्शक नवे कोरे आहेत, काचेच्या कपाटात. किल्ली कुणाकडे ते मास्तरांनी लिहिलंय तसंच. बैठकीसकट.

फीमाफीची अटही मुक्कामपोस्ट म्हणाले तशीच, तिसऱ्या पानावर.

थोरलं. मी नाक मुरडूनच आत शिरले होते. विभाग खरोखरच कोंबलेला, जिन्याखाली खडकांच्या पेट्या, भिंतीचे पोपडे निघालेले. आमच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही, ज्यांना भेटायचं ठरलं होतं त्या बाई आल्याच नाहीत. लेकीचा चेहरा पडला. मग एका खोलीतून घासल्याचा आवाज येत होता म्हणून ती डोकावली. तिसऱ्या वर्षाची तीन मुलं काचेवर खडक घासत उभी होती, कोपरापर्यंत करड्या चिखलात. कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली, शेजारी वहीत नाव आणि वेळ लिहायची. त्यांच्यातल्या एकाने हिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, आपला काप लावून दिला आणि तबकडी फिरवायला सांगितली. रंग बदलायला लागले तशी ही "आई, थांब जरा" म्हणाली. मी पाऊण तास स्टुलावर बसून होते.

परतताना वाचनमात्र यांचा प्रश्न विचारला. म्हणाली, "रसायन. पण मला भूशास्त्रच हवंय, उगाच घाबरवू नकोस." थोरल्यात रसायन समोरच्याच इमारतीत आहे. शाखाबदलाचा नियम छापील मागून घेतला.

झुळूक

म्हणजे थोरलं. सांगितलं होतं ना.

तर्कट

सांगितलं होतं, पण कारण वेगळं होतं! नावाचा संबंध कुठे आला इथे?

सई_म

त्या करारावरच्या सरांचं वाईट वाटलं. ते पुढे कुठे जाणार आहेत, विचारलं का?

गारगोटी

नाही सुचलं. त्यांनी काढलेल्या आकृतीचा फोटो लेकीने फोनवर मुखपृष्ठाला लावलाय.

काल रात्री थोरल्यात फी भरली. गंमत म्हणजे भरायच्या वेळी नवरा अडला. माफी गेली म्हणजे किती रक्कम जातेय हे त्याने तेव्हा पहिल्यांदा कागदावर मांडलं आणि म्हणाला, "धाकटंही तसं वाईट नव्हतं." लेकीने त्याच्या हातातून माउस घेतला.

खडूस_मास्तर

अभिनंदन. एक राहिलं. त्या मुलाच्या कापात गारगोटी राखाडी दिसली की पिवळी?

गारगोटी

पिवळी. तुमचं वाचून गेली होती ना, तिने लगेच विचारलं. तो म्हणाला, "जाड राहिलाय, उद्या अजून घासणार आहे."